पाडा, पण आधी मैदान दाखवा

यशवंत स्टेडियमच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की नागपुरात लगेच आराखड्यांची भाषा सुरू होते. कन्व्हेन्शन सेंटर, पार्किंगचे मजले, व्यापारी गाळे, काचेचा दर्शनी भाग. या सगळ्या बोलण्यात एक जण कुठेच दिसत नाही : पहाटे साडेपाचला बूट हातात घेऊन धावायला येणारा पोट्टा. लकडगंजात एका टिंबरच्या दुकानात हा विषय निघाला, तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी एकच विचारलं, "पाडतीन त पाडू दे, पण मंग पोट्टे खेळतीन कुठं?" याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीच्या नकाशांकडे बघायची मला इच्छा नाही. आजचं सदर काकांच्या प्रश्नासाठी.

जुनं आहे म्हणून सगळंच जपावं, अशा मताचा मी नाही. धोकादायक झालेला स्टँड उभा ठेवणं हा गुन्हा आहे, आणि नागपूरनं त्याची किंमत मोजलेली आहे. २६ नोव्हेंबर १९९५ ला सिव्हिल लाइन्सच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या (व्हीसीए) मैदानावर भारत आणि न्यूझीलंडचा एकदिवसीय सामना होता. नेथन अॅस्टलनं शतक ठोकलं, न्यूझीलंडनं साडेतीनशेच्या आसपास धावा केल्या, जेवणाची सुट्टी झाली आणि स्टँडची भिंत कोसळली. मॅच पाहायला गेलेली काही माणसं घरी परत आलीच नाहीत. सामना मात्र पुढे खेळवला गेला.

त्याच्या साधारण एक वर्ष आधी, २३ नोव्हेंबर १९९४ ला, याच शहरात अधिवेशनाच्या काळात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली होती. ११४ जीव गेले. गर्दीला मोकळी जागा, रुंद दारं आणि भक्कम भिंती लागतात, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज उरलेली नाही. म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट करून जो भाग पडायच्या बेतात आहे तो उतरवा, आजच उतरवा. त्याला कुणाचीही हरकत असू नये. हरकत आहे ती ऑडिटच्या कागदाआडून खेळालाच जागेवरून उठवण्याला.

स्टेडियम मरतं कसं, ते एकदा नीट समजून घेऊ. पोकलेन येतं ते सगळ्यात शेवटी. त्याच्या कितीतरी वर्षं आधी पायऱ्यांवरचं पाणी वाहून नेणारे पाइप तुंबतात. दोन स्लॅबमध्ये सोडलेल्या फटी बुजलेल्या किंवा उघड्या पडलेल्या असतात. नागपूरचा मे महिना काँक्रीटला पंचेचाळीस अंशांवर तापवतो आणि जून लागला की त्यावर धो धो पाऊस पडतो. काँक्रीट फुगतं, आकसतं, बारीक भेगा पडतात. पाणी आणि हवा आत शिरते आणि सळीला गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून ढकलत राहतो आणि एक दिवस खालच्या बाजूचा पापुद्रा सुटून पडतो. तोवर फटीत पिंपळानं मूळ धरलेलं असतं. एखाद्या जुन्या स्टेडियमच्या पायऱ्यांखाली उभं राहून वर पाहा. तांबड्या ओघळांच्या रेघा दिसतील, उघड्या पडलेल्या सळ्या दिसतील, आणि त्यांच्याच खाली शटर वर करून बसलेली दुकानं दिसतील.

हे सगळं वेळीच थांबवता येतं. पाइप साफ करणं, फटींत नवा मसाला भरणं, छतावर वॉटरप्रूफिंग करणं, सुटलेला पापुद्रा काढून सळी घासून पुन्हा लेप देणं. यात अवघड असं काही नाही. पण या कामाचं भूमिपूजन होत नाही. पाइप साफ केल्याची कोनशिला कुणी बसवत नाही. बांधायला निधी मिळतो, पाडायला मिळतो, पुन्हा बांधायला तर भरभरून मिळतो. सांभाळायला मिळत नाही. आधी कुजू द्यायचं आणि मग कुजलं म्हणून पाडायचं, हा व्यवहार देशात सर्रास चालतो आणि त्याचा जाब कुणी विचारत नाही. म्हणून माझी पहिली मागणी सरळ आहे. कुठल्याही स्टेडियमचा पाडकामाचा प्रस्ताव आला, की त्याच्यासोबत गेल्या वीस वर्षांचा देखभालीचा खर्च, वर्षवार, लोकांसमोर ठेवा. मग ठरवू की इमारत म्हातारी झाली की तिला उपाशी ठेवलं गेलं.

आमच्या लकडगंजात हा फरक रोज डोळ्यांसमोर असतो. महालात किंवा इतवारीत एखादा जुना वाडा उतरवला, की त्याचं सागवान असं फेकून दिलं जात नाही. खांब, तुळया, चौकटी निघतात, त्यातले खिळे उपटले जातात, आरा मशीनवर वरची काळी कड काढली की आत पिवळंधमक लाकूड निघतं आणि घनफुटाच्या भावानं पुन्हा कुणाच्या तरी घराचं दार होतं. आरसीसी स्टेडियमचं तसं होत नाही. ब्रेकर लागतो, सळ्या भंगारात जातात आणि उरलेला मलबा कुठल्यातरी खड्ड्याची भरती होतो. पुन्हा उभं करता येईल असं त्यातून काही उरत नाही. त्यामुळे पाडायचा निर्णय लाकडापेक्षा काँक्रीटच्या बाबतीत जास्त जपून घ्यायला हवा. प्रत्यक्षात आपण उलट वागतो.

आता यशवंत स्टेडियमकडे येऊ. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं हे स्टेडियम धंतोलीत आहे, सीताबर्डीला लागून. शहराच्या अगदी पोटात. इथं खेळ झाले, खासदार क्रीडा महोत्सवाचे सोहळे झाले, सभा झाल्या. पण राज्यभरातल्या लोकांना हे नाव माहीत आहे ते डिसेंबरमुळे. १९५३ च्या नागपूर करारातून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला आलं आणि अधिवेशनासोबत मोर्चे आले. अंगणवाडी सेविका, आशा ताई, विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, कंत्राटी कामगार, शेतकरी. गडचिरोलीपासून कोल्हापूरपर्यंतची माणसं रात्रीच्या गाडीनं उतरतात, यशवंत स्टेडियमपाशी जमतात, डबा उघडतात, फलक उलगडतात आणि विधान भवनाच्या दिशेनं निघतात. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला किंवा त्याच्या अलीकडे पोलीस अडवतात. उपोषणाचे मंडपही याच परिसरात पडतात. कडाक्याच्या थंडीत सतरंज्यांवर रात्र काढणाऱ्या बायका मी तिथं पाहिल्या आहेत. शेजारी थर्मासमधला चहा, उशाला कागदपत्रांची पिशवी.

कन्व्हेन्शन सेंटरच्या संगमरवरी पायऱ्यांवर या बायकांना कोण बसू देणार आहे? तिथं दारात सुरक्षारक्षक असेल, पास लागेल, तासाचं भाडं असेल. खेळाडू आणि मोर्चेकरी या दोघांचं मैदान एकाच वेळी जातं आहे, आणि दोघांकडेही भाडं भरायला पैसे नाहीत. म्हणूनच त्यांचा आवाज आराखड्यात ऐकू येत नाही, असं मला वाटतं. परिषदा भरवायला जागा हवी, हे कबूल. नागपूर वाढतंय, त्याला मोठं सभागृह लागेल. ते मिहानकडे बांधा, कुठंही बांधा. परिषदेला येणारा माणूस विमानतळावरून गाडीनंच येतो, त्याला दहा किलोमीटरचं काय! धावायला येणाऱ्या पोराला मात्र दहा किलोमीटर म्हणजे खेळ सुटला.

हे मी अंदाजानं बोलत नाही. लांब गेलेल्या स्टेडियमचा अनुभव नागपूरनं घेतलेला आहे.

सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान आठवा. ३ ऑक्टोबर १९६९ ला तिथं पहिला कसोटी सामना सुरू झाला आणि न्यूझीलंडनं १६७ धावांनी जिंकला. तो त्यांचा भारतातला पहिला कसोटी विजय. पुढे २००६ पर्यंत नऊ कसोट्या तिथं झाल्या. अँडी फ्लॉवरच्या नाबाद २३२ धावा तिथल्याच. २००४ साली ऑस्ट्रेलियानं याच मैदानावर आपल्याला ३४२ धावांनी हरवून भारतातली मालिका खिशात घातली, आणि त्या हिरव्यागार खेळपट्टीवरून झालेला वाद अजूनही पानठेल्यांवर रंगतो. २००६ च्या शेवटच्या कसोटीत अॅलिस्टर कुक आणि माँटी पानेसर या दोघांनी पदार्पण केलं. कुकनं शतक ठोकलं आणि पानेसरचा पहिला बळी होता सचिन तेंडुलकर.

पण नागपूरकराला विचारा, तो आधी ३१ ऑक्टोबर १९८७ सांगेल. रिलायन्स विश्वचषक, समोर न्यूझीलंड. चेतन शर्मानं रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे लागोपाठच्या तीन चेंडूंवर त्रिफळे उडवले. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅटट्रिक. गटात पहिलं यायचं तर २२२ धावा ४२.२ षटकांत काढायच्या होत्या. सुनील गावस्कर अंगात ताप घेऊन मैदानात उतरला. ज्याच्या संथपणावर अख्खी कारकीर्द टीका झाली, त्यानं श्रीकांतच्या जोडीनं पहिल्याच षटकापासून असा काही मारा केला की भारतानं ३२.१ षटकांत सामना संपवला. गावस्कर नाबाद १०३. एकदिवसीय क्रिकेटमधलं त्याचं हे एकमेव शतक. दिवसही कसा, तर सी. के. नायुडूंच्या जन्माचा. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. जन्मले ते ३१ ऑक्टोबर १८९५ ला, याच नागपुरात.

तो सामना पाहायला लकडगंजातली, बगडगंजातली, शांतीनगरातली पोरं सायकलनं गेली होती. सेंट्रल अॅव्हेन्यूनं सरळ रेल्वे स्टेशन, तिथून सिव्हिल लाइन्स. चार-पाच किलोमीटर. सायकलवर डबलसीट, शिदोरीला घरच्या पोळ्या, तिकीट स्वस्तातल्या स्टँडचं. त्या पिढीतले लोक आज आजोबा झालेत आणि त्यांना अजून कुठल्या स्टँडमध्ये ऊन कधी यायचं ते पाठ आहे.

२००८ मध्ये कसोटी क्रिकेट जामठ्याला गेलं. नवं स्टेडियम देखणं आहे, ४५ हजार खुर्च्यांचं आहे, ऐसपैस आहे. त्याबद्दल विदर्भ क्रिकेट असोसिएशनला बोल लावायचं कारण नाही. सिव्हिल लाइन्समध्ये जागा वाढवायला वाव नव्हता आणि १९९५ नंतर तर सुरक्षेचा विचार करणं भागच होतं. नोव्हेंबर २००८ मधली तिथली पहिली कसोटी म्हणजे सौरव गांगुलीचा शेवटचा सामना आणि लक्ष्मणची शंभरावी कसोटी. जेसन क्रेझा नावाच्या ऑस्ट्रेलियन फिरकीपटूनं पदार्पणात बारा बळी घेतले. एवढं सगळं घडत असताना स्टँड बरेच रिकामे होते. वर्धा रोडवर शहराबाहेर पाच दिवस रोज जायचं कसं आणि परतायचं कसं? सायकलचा प्रेक्षक तिथंच गळाला. पुढे मेट्रो आली ती खापरीपर्यंत, आणि खापरीहून जामठा पायी जाण्यासारखं नाही. आता टी-ट्वेंटीला खुर्च्या भरतात, कारण तो एका संध्याकाळचा कार्यक्रम असतो आणि गाडी काढून जाणारे खूप झालेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ज्याच्याकडे गाडी नाही तो आता नागपूरचा सामना टीव्हीवरच पाहतो, हे खरं आहे.

आणि तरीही सिव्हिल लाइन्सचं मैदान पाडलं गेलं नाही. ते शिल्लक राहिलं, हिरवं राहिलं, तिथं स्थानिक सामने चालू राहिले. माझ्या मते विदर्भाच्या क्रिकेटनं केलेल्या शहाण्या गोष्टींत ही फार वरची आहे. विदर्भानं २०१७-१८ चा रणजी करंडक जिंकला, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. शेवटच्या दोन्ही अंतिम लढती जामठ्याला झाल्या. करंडक उचलायला मोठं स्टेडियम लागतं, मान्य. पण करंडकापर्यंत पोचणारी पोरं वर्षभर घासतात ती शहरातल्या छोट्या मैदानांवर आणि क्लबांच्या जाळ्यांत. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा उमेश यादव विदर्भाकडून खेळता खेळता २०११ साली कसोटीपर्यंत पोचला, तो एखाद्या रोषणाईच्या स्टेडियममधून सुरुवात करून पोचला नाही.

मुंबईचं उदाहरण मला नेहमी आठवतं, कारण त्यात आपला माणूस आहे. ब्रेबर्न स्टेडियम १९३७ चं. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबई क्रिकेट असोसिएशन आणि क्लब यांच्यात तिकिटांच्या वाट्यावरून वर्षानुवर्षं धुसफूस होती. असं सांगतात की आमदारांच्या एका सामन्यासाठी ब्रेबर्न मागितलं आणि नकार मिळाला. तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते बॅरिस्टर शेषराव वानखेडे, नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरचे आमदार. नकार त्यांच्या जिव्हारी लागला. वास्तुविशारद शशी प्रभूंना हाताशी धरून त्यांनी ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर जेमतेम तेरा महिन्यांत नवं स्टेडियम उभं केलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथं कसोटी झाली. कसोटी क्रिकेट ब्रेबर्नवरून उठलं.

ब्रेबर्न तेव्हा निकामी झालं, असंच सगळ्यांना वाटलं असणार. चर्चगेटसारख्या ठिकाणची जमीन. ती विकासकाच्या नकाशावर यायला कितीसा वेळ लागला असता? पण क्लबनं मैदान राखलं. तिथल्या शेवटच्या कसोटीनंतर छत्तीस वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये, २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे स्टेडियमची नव्यानं बांधणी चालू होती आणि मुंबईच्या कसोटीला जागा हवी होती. ती ब्रेबर्ननं दिली. सेहवागनं श्रीलंकेविरुद्ध २९३ धावा तडकावल्या आणि तो सामना जिंकून भारत कसोटी क्रमवारीत पहिल्यांदा अव्वल झाला. जुनं स्टेडियम राखून ठेवणाऱ्या शहराला हे मिळतं. पाडणाऱ्या शहराला पर्याय शोधत फिरावं लागतं.

कोल्हापूरचं खासबाग मैदानही असंच. शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलेलं. मधे कुस्तीचा हौदा आणि भोवती चढत गेलेला मातीचा उतार. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पट कसा काढला ते दिसतं. शंभर वर्षं उलटून गेली, अजून तिथं कुस्त्या होतात. मातीला गंज चढत नाही, हे एक. पण खरं कारण असं की कोल्हापूरकर आजही त्या मैदानात कुस्ती पाहायला बसतात. वापर थांबला असता तर खासबागेवरही कुणीतरी गाळ्यांचा आराखडा काढला असता.

लंडननं जुनं वेम्बली पाडलंच ना, असं कुणी म्हणेल. पाडलं, २००३ मध्ये. १९२३ पासूनचं होतं, त्याचे दोन पांढरे मनोरे जगभर प्रसिद्ध होते आणि लोकांना वाईट वाटलं. पण २००७ ला त्याच जागी पुन्हा फुटबॉलचंच स्टेडियम सुरू झालं. अहमदाबादनं मोटेरा २०१५ पासून उतरवलं आणि २०२० पर्यंत त्याच जागी एक लाख बत्तीस हजार खुर्च्यांचं नवं उभं केलं. मला तो अवाढव्य आकार पटत नाही. तरी तिथं मैदानाच्या जागी मैदानच आलं, हे मान्य करायला हवं. यशवंतच्या बाबतीत कुणी असा प्रस्ताव आणला, की हे खिळखिळं झालेलं उतरवतो आणि इथंच धावपट्टी, फुटबॉलचं मैदान, कबड्डी-खो-खोची क्रीडांगणं आणि दोनच हजार लोकांची साधी बसायची सोय करतो, तर लकडगंजातून पहिलं समर्थन माझं असेल.

मानकापूरला विभागीय क्रीडा संकुल आहे की, हे दुसरं ठरलेलं उत्तर. आहे, आणि चांगलं आहे. पण मानकापूर शहराच्या वायव्य टोकाला, आणि आम्ही पूर्वेला. नकाशावर बोट ठेवून पाहा म्हणजे कळेल. पारडी, वाठोडा, बगडगंज, शांतीनगर, लकडगंज इथल्या पोरांनी रोज शाळा सुटल्यावर मानकापूर गाठायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, आणि तोवर अंधार पडतो. मुलींचं तर विचारूच नका. अंधारात एवढ्या लांबून एकटीला परतू द्यायला कुठली आई तयार होईल? पोरगी गुणी असते, शाळेत तिला पदकं मिळालेली असतात आणि आठवीत तिचा खेळ सुटतो. असा सुटलेला खेळ कुठल्याही अहवालात येत नाही.

पूर्वेला आमच्याकडे मैदानं नाहीत असं नाही. कच्छी वीसा मैदान आहे. तिथं गरबा होतो, कथा होतात, प्रदर्शनं लागतात, लग्नं होतात. महालात चिटणीस पार्क आहे, पलीकडे रेशीमबाग आहे. या सगळ्या जागा समाजाच्या आहेत आणि समाजानं त्या वापराव्यात. पण मांडव पडला की पोरांचा खेळ बंद, आणि मांडव उठला की मागे उरतात खड्डे, खिळे आणि थर्माकोलचे तुकडे. त्या खड्ड्यांत पाय मुरगळून घेतलेले फास्ट बोलर आमच्या गल्लीत आहेत. लाखाचं भाडं देणारा मांडववाला आणि फुकट खेळणारा पोट्टा यांच्यात मैदान कुणाला मिळणार, हे सांगायला पंचांची गरज नाही.

एक गोष्ट मात्र बदलली होती, आणि तीच या वेळी मला सगळ्यात जास्त टोचते आहे. ११ डिसेंबर २०२२ ला मेट्रोची अॅक्वा लाइन सीताबर्डीपासून प्रजापतीनगरपर्यंत सुरू झाली. टेलिफोन एक्स्चेंज चौक, आंबेडकर चौक, वैष्णोदेवी चौक. सगळी स्टेशनं आमच्या अंगणात. लकडगंजातला पोरगा गाडीत बसला की थोड्याच वेळात सीताबर्डीला उतरतो, आणि तिथून यशवंत स्टेडियम पायी वाटेवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूर्व नागपुरातल्या मुलीला शहराच्या मधोमध असलेल्या मैदानावर एकटीनं, उजेडात, सुरक्षित जाता-येता येण्याजोगं झालं. तिकीट स्वस्त, वर्दळ भरपूर, घरच्यांना घोर नाही. नेमक्या याच वेळी त्या मैदानाच्या जागी दुसरं काही बांधायची भाषा होते. मेट्रोवर एवढा खर्च केला तो लोकांना कुठंतरी पोचवायलाच ना? मग जिथं पोचायचं ती जागाच का काढून घेता?

खर्चाचं काय, असं महापालिकेचे लोक विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. धावपट्टीतून उत्पन्न येत नाही, गाळ्यांतून येतं. पण महापालिका बागेतून कुठं उत्पन्न मागते? वाचनालयातून मागते? शहराच्या मध्यभागी वेगवेगळ्या खेळांची पोरं रोज घाम गाळतात, ही नागरी सोय आहे. रस्ता आणि नळ जितके आवश्यक, तितकीच ही. गाळे हवेत तर ठेवा, त्यांचं भाडं मैदानाच्या वेगळ्या खात्यात जमा करा आणि त्यातूनच पाइप, फटी, वॉटरप्रूफिंग, गवत आणि माळ्यांचे पगार भागवा. खातं दर वर्षी जाहीर करा. एवढं केलं तर वीस वर्षांनी पुन्हा पाडायची वेळ येणार नाही, आणि आली तर लोकांना कारण तरी कळेल.

राजेहो, हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरतं. राज्यातले आमदार त्या काळात स्टेडियमच्या आजूबाजूनंच ये-जा करतात. पूर्व नागपूरच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न सभागृहात लेखी विचारावा, आणि मंत्र्यांच्या उत्तरात आश्वासनं नकोत, तपशील हवेत. पाडकाम आणि नवं बांधकाम मिळून खेळाला किती चौरस मीटर मिळणार, आज किती आहे. मोर्चांसाठी जमायला जागा कोणती, तिचे रस्ते किती रुंद, पाणी आणि शौचालय कुठं. कामाच्या काळात धावपटू, फुटबॉलवाले, कबड्डीवाले कुठं सराव करणार, ती जागा मेट्रो स्टेशनपासून पायी किती लांब आहे, तिथं दिवे लागलेत का, मुलींसाठी कपडे बदलायची खोली आहे का. आणि त्या पर्यायी मैदानावर पहिला सामना खेळला गेल्याची तारीख ही पाडकामाच्या आदेशावरच्या तारखेच्या आधीची असली पाहिजे.